अर्ध्या मात्रेचा आनंद

अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपल्याकडे म्हणतात. १९८१ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ‘सिंक्लेअर झेडएक्स ८१’ या घरगुती संगणकाच्या चाहत्यांना हा आनंद चांगलाच परिचित होता. या यंत्राची मूळ स्मृती अवघी १,०२४ बाइटची. बेसिक भाषेत नुसते शून्य लिहिले तरी ७ बाइट खर्ची पडत. ‘पाय’ ही संख्या शून्य नाही, म्हणून तिचा नकार शून्य. तेव्हा शून्याऐवजी ‘नॉट पाय’ लिहिले की २ बाइटांत काम भागे. अशा युक्त्या मासिकांतून छापल्या जात. १९८३ साली डेव्हिड हॉर्न यांनी अवघ्या ६७२ बाइटांत बसवलेला बुद्धिबळाचा खेळ ‘युअर कॉम्प्युटर’ मासिकात असाच प्रसिद्ध झाला.

छापील आज्ञावली वाचकाला स्वतः टंकून घ्यावी लागे. एक अक्षर चुकले की सारे अडे. आणि ती चूक शोधता शोधता पोथी नकलणाऱ्याप्रमाणे वाचकाला रचनेचे मर्म उमगे. पुढे तोच नवी युक्ती घेऊन मासिकाकडे येई. आज आज्ञावली आयती मिळते, ती वाचावी लागत नाही. काटकसरीची गरज सरली याची खंत नाही. पण नकलण्यातून घडणारा वाचकही तिच्याबरोबर सरला, याची मात्र आहे.