महागड्या मनगटी घड्याळाची घरगुती निगा : स्वच्छता बाहेरून, आतले काम कारागिराचे

नवा रायपूर : महागड्या मनगटी घड्याळाची घरी करावयाची स्वच्छता कवच, काच आणि पट्टा या तीन भागांपुरतीच मर्यादित असते. कवचाच्या आतील यंत्रणेला घरी हात लावू नये आणि घड्याळाची पाणीरोधक क्षमता आज शाबूत आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याला पाणी लावू नये, हे निगा राखण्याचे दोन मूलभूत नियम आहेत. ते पाळल्यास उत्तम प्रतीचे यांत्रिक घड्याळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत्या अवस्थेत सोपविता येते. ते मोडल्यास काही थेंब पाण्यानेही तबकडी डागाळते आणि पोलादी भागांना गंज चढतो.

छत्तीसगडच्या या नियोजित राजधानीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. नवा रायपूरमध्ये अद्याप मोठ्या प्रमाणावर बांधकामे सुरू आहेत. बांधकामाच्या धुळीत वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्झ या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. रायपूरलगतच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने आहेत. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते, तर जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट राहते. धूळ, घाम, उष्णता आणि ओलावा हे घड्याळाचे चारही शत्रू येथे वर्षभरात आळीपाळीने हजेरी लावतात. विदर्भातील हवामानही यापेक्षा फारसे वेगळे नसल्याने तेथील घड्याळधारकांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या ‘एफ्टा’ गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याची तरतूद आहे. त्यामुळे अशी घड्याळे वापरणाऱ्यांची संख्या वाढण्याची शक्यता लक्षात घेता, त्यांच्या निगेची माहिती उपयुक्त ठरते.

मळामुळे नेमके काय होते?

घड्याळ स्वच्छ ठेवण्याचे कारण केवळ शोभेचे नाही. घाम, त्वचेवरील तेल आणि धूळ यांचे मिश्रण धातूच्या पट्ट्याच्या कड्यांमध्ये साचते. मनगटाच्या प्रत्येक हालचालीबरोबर हे मिश्रण घासणीच्या लेपासारखे काम करते. कड्यांना जोडणाऱ्या खिळ्या आणि त्यांची छिद्रे हळूहळू झिजतात व पट्टा सैल पडून लोंबू लागतो. ही झीज भरून काढणे खर्चिक असते.

पट्टा कवचाला जोडणाऱ्या बारीक स्प्रिंगदार खिळीला ‘स्प्रिंग बार’ म्हणतात. मळ आणि घामामुळे ती गंजली तर एखाद्या दिवशी अचानक निसटते आणि संपूर्ण घड्याळ जमिनीवर पडते. ही खिळी अत्यंत स्वस्त असते. तिच्या अभावी होणारे नुकसान मात्र मोठे असते. चामडी पट्टा बदलताना ती प्रत्येक वेळी नवी बसवून घेणे इष्ट ठरते.

आधी पाणीरोधक क्षमता समजून घ्यावी

घड्याळाच्या मागील झाकणावरील ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ या शब्दांचा अर्थ ३० मीटर खोल पाण्यात उतरता येते असा नाही. तो आकडा नियंत्रित चाचणीतील दाब दर्शवितो. पोहताना होणाऱ्या हालचाली, नळाच्या पाण्याचा जोर आणि तापमानातील अचानक बदल यांचा त्यात पूर्ण विचार नसतो. सर्वसाधारण व्यवहारात ३० मीटरचे घड्याळ केवळ शिंतोड्यांपुरते सुरक्षित मानले जाते, तर पोहण्यासाठी १०० मीटर किंवा त्याहून अधिक क्षमतेचे घड्याळ योग्य समजले जाते. सर्वसाधारण पाणीरोधक घड्याळांसाठी ‘आयएसओ २२८१०’ आणि पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे आंतरराष्ट्रीय निकष आहेत.

पाणीरोधक कवच ही कल्पना सुमारे शतकभर जुनी आहे. रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ हे बंदिस्त कवचाचे घड्याळ सादर केले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ यांनी इंग्लिश खाडीत पोहताना ते सोबत नेले आणि त्याची मोठी प्रसिद्धी झाली. मात्र त्या घड्याळापासून आजच्या घड्याळापर्यंत एक गोष्ट कायम आहे. पाणी अडविण्याची क्षमता ही कायमस्वरूपी नसते. झाकण, काच आणि चावी यांच्या सांध्यांत बसविलेल्या सीलवर ती अवलंबून असते. रबरासारख्या पदार्थांची ही सील उष्णता, घाम, अत्तर आणि काळ यांमुळे कडक होतात व भेगाळतात. म्हणून दहा वर्षांपूर्वी १०० मीटरसाठी विकत घेतलेले घड्याळ आज तेवढेच पाणीरोधक असेल, असे गृहीत धरता येत नाही. वापरातील घड्याळाची दाबचाचणी दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, करून घ्यावी.

घरी स्वच्छता करण्याची पद्धत

स्वच्छतेसाठी लागणारे साहित्य साधे आहे. दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापड, लहान मुलांचा मऊ दातांचा ब्रश, कोमट पाणी आणि सौम्य द्रवरूप साबणाचे एक-दोन थेंब एवढे पुरेसे होते. काम टेबलावर जाड टॉवेल अंथरून करावे. वाहत्या नळाखाली, कठीण बेसिनवर ओल्या हाताने घड्याळ धरणे टाळावे.

पहिली पायरी कोरडी असते. घड्याळावरील धूळ थेट पुसू नये. प्रथम ती मऊ ब्रशने किंवा रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. धुळीतील क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापनावर ७ असते. पोलाद, सोने आणि जुन्या घड्याळांची ॲक्रिलिक काच त्याहून मऊ असल्याने धूळ दाबून पुसल्यास ओरखडे उठतात. आधुनिक महागड्या घड्याळांची काच कृत्रिम नीलमाची असते व तिची कठीणता ९ असते. तिच्यावर धुळीचा परिणाम सहसा होत नाही, परंतु काचेच्या बाहेरील बाजूस चकाकीरोधक थर असल्यास त्यावर ओरखडे पडू शकतात.

दुसऱ्या पायरीत चावी पूर्णपणे आत दाबलेली, आणि आट्याची असल्यास घट्ट फिरविलेली आहे, हे तपासावे. पाण्याचा शिरकाव होण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उघडी राहिलेली चावी.

तिसरी पायरी घड्याळाच्या क्षमतेनुसार ठरते. पाणीरोधक क्षमता पुरेशी असून अलीकडे चाचणी झालेली असल्यास, साबणमिश्रित कोमट पाण्यात ब्रश बुडवून कवच व धातूचा पट्टा हलक्या हाताने घासावा. कड्यांच्या फटी, बकलची आतील बाजू आणि मागील झाकणाच्या कडा यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर साध्या पाण्याने साबण पूर्णपणे काढावा. क्षमतेबद्दल शंका असल्यास पट्टा वेगळा काढून तेवढाच धुवावा आणि कवच किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. पट्टा काढण्याचे योग्य अवजार नसल्यास हे काम दुकानात करून घ्यावे. चाकू किंवा सुईने तो काढताना कवचावर खोल ओरखडे उठतात.

शेवटी कापडाने टिपून घड्याळ सावलीत वाळू द्यावे. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा किंवा उन्हाची झळ देऊ नये. उष्णतेने सील कमजोर होते आणि यंत्रणेतील तेलावरही परिणाम होतो. नियमित वापरातील घड्याळासाठी रोज रात्री कोरड्या कापडाने पुसणे आणि महिन्यातून एकदा वरील पद्धतीने स्वच्छता करणे पुरेसे असते. समुद्रात किंवा जलतरण तलावात वापरलेले घड्याळ मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे.

पट्ट्यानुसार काळजी

चामडी पट्टा पाण्याने धुवू नये. तो आतून-बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसावा, घाम आल्यास सावलीत वाळवावा आणि सलग अनेक दिवस न वापरता मध्ये विश्रांती द्यावी. पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते. त्यामुळे या चार महिन्यांत धातूचा किंवा रबरी पट्टा वापरणे सोयीचे ठरते. रबरी पट्टा साबणाच्या पाण्याने धुता येतो. अत्तर, डासरोधक मलम आणि उन्हापासून संरक्षण करणारे मलम हे तिन्ही पदार्थ चामडे व रबर या दोहोंना अपायकारक असल्याने ते लावून सुकल्यानंतरच घड्याळ मनगटावर बांधावे.

हे प्रयोग टाळावेत

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि पितळ उजळण्याचे पॉलिश यांनी घड्याळ चमकविण्याचे घरगुती उपाय सर्रास सांगितले जातात. हे सर्व पदार्थ घासून चमक आणतात, म्हणजेच प्रत्येक वेळी धातूचा थर काढून टाकतात. सोन्याचा मुलामा असलेल्या घड्याळावर तो मुलामाच निघून जातो. घन सोन्याच्या किंवा पोलादी कवचाच्या धारदार कडा बोथट होतात. जुन्या घड्याळांच्या बाजारात मूळ अवस्थेतील कवचाला अधिक मोल मिळते. त्यामुळे जास्त चमक म्हणजे जास्त किंमत, हा समज चुकीचा ठरतो.

काचेच्या आतून वाफ दिसू लागल्यास घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही टाळावा. त्याने आतील ओलावा खात्रीने निघत नाही आणि दरम्यान गंज मात्र सुरू होतो. असे घड्याळ विलंब न लावता कारागिराकडे न्यावे. पाण्यात असताना चावी ओढणे किंवा क्रोनोग्राफची बटणे दाबणे, घड्याळ घालून गरम पाण्याने स्नान करणे आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ते ठेवणे याही सवयी हानिकारक आहेत. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत अनेक यांत्रिक घड्याळांत तारीख बदलणारे दाते गुंतलेले असतात; त्या काळात हाताने तारीख बदलू नये.

चुंबक आणि बॅटरी

यांत्रिक घड्याळ अचानक दिवसाला अनेक मिनिटे पुढे जाऊ लागल्यास ते चुंबकीय झाल्याची शक्यता असते. ध्वनिवर्धक, टॅबलेटची आवरणे, मोबाइलची चुंबकीय पाकिटे आणि पर्सच्या कड्या यांत शक्तिशाली चुंबक असतात. अंतर वाढताच चुंबकाचा प्रभाव झपाट्याने कमी होतो, त्यामुळे घड्याळ अशा वस्तूंपासून वीतभर दूर ठेवले तरी पुरते. साधे होकायंत्र जवळ नेल्यावर त्याची सुई हलली तर शंकेला पुष्टी मिळते. कारागिराकडे हा दोष काही मिनिटांत दूर होतो.

क्वार्ट्झ घड्याळात बंद पडलेली बॅटरी तशीच राहू देऊ नये. तिच्यातून पाझरणारे रसायन यंत्रणा कायमची निकामी करू शकते. बॅटरी बदलताना झाकणाचे सील तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

वारशाने आलेली घड्याळे

अनेक घरांत सर्वांत मौल्यवान घड्याळ परदेशी नसून वडिलांचे किंवा आजोबांचे एचएमटी असते. हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरू येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही चावीची घड्याळे घराघरांत पोहोचली. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. कारखानाच राहिला नसल्याने या घड्याळांचा मूळ भाग एकदा खराब झाला की तसाच दुसरा मिळविणे कठीण असते. त्यांना पाणी अजिबात लावू नये, केवळ कोरड्या कापडाने पुसावे. चावी रोज ठरावीक वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी आणि प्रतिकार जाणवताच थांबावे. तबकडी जुनी व पिवळसर झाली असली तरी ती रंगवून घेण्याची घाई करू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग उरतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडणे किंवा त्यावरील रंग खरवडणे धोकादायक आहे.

कारागिराकडे कधी जावे?

यांत्रिक घड्याळातील तेल कालांतराने आटते आणि कोरडे भाग एकमेकांना झिजवितात. घड्याळ वेळ अचूक दाखवीत असले तरी ही झीज सुरू असू शकते. त्यामुळे संपूर्ण तेलपाणी साधारणतः ५ ते १० वर्षांच्या अंतराने, उत्पादकाच्या सूचनेनुसार करून घ्यावे. घड्याळ सोपविण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, पॉलिश करावयाचे नसल्यास तसे लेखी नमूद करावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. हमीकाळात अनधिकृत दुकानात झाकण उघडल्यास हमी रद्द होऊ शकते.

वापरात नसलेले घड्याळ मूळ पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसह, थंड व कोरड्या जागी ठेवावे. पुडीची ओलावा शोषण्याची क्षमता संपत असल्याने ती पावसाळ्यात वेळोवेळी बदलावी. मध्य भारतातील हवामानाचा विचार करता मे महिन्याच्या अखेरीस दाबचाचणी, पावसाळ्यात चामडी पट्ट्याला विश्रांती आणि दिवाळीच्या साफसफाईत पट्टा व स्प्रिंग बारची तपासणी, असे वर्षाचे वेळापत्रक घड्याळधारकांना पाळता येईल.