'सर्व्हर डाऊन' म्हणून विषय मिटतो का? २०१७ च्या ऑनलाइन कर्जमाफीनंतर काय बदललं, काय राहिलं

सातारा/सांगली : ई-पीक पाहणी असो की फार्मर आयडी, काम अडलं की 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर ठरलेलं. पण बिघाडाला नाव काय पडतं, त्यावरच सरकार पुढं दुरुस्ती कशाची करणार हे ठरतं. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना हे त्याचं ठळक उदाहरण.

जून २०१७ मध्ये ३४ हजार २२ कोटींची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर. कुटुंब एक घटक धरलं, म्हणून नवरा-बायको दोघांचं आधार. कुठं रेंज नाही, कुठं अंगठा उठेना. मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटली. मग याद्यांतल्या चुका बाहेर आल्या. एकेका आधार क्रमांकावर अनेक खाती निघाली.

सरकार म्हणालं तांत्रिक अडचण, शिवाय बँकांची माहिती चुकीची. विरोधक म्हणाले ऑनलाइन घोळ. दोन्हीकडून बोट यंत्रणेकडंच, त्यामुळं उपायही तसेच झाले: याद्यांची फेरतपासणी, माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रधान सचिव बदलले.

यात एक गोष्ट मागं पडली. दीड लाखावर थकबाकी असेल, तर वरची रक्कम आधी भरायची अट होती. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराचं कर्ज दीड लाखात कुठलं बसायला? ही अडचण सॉफ्टवेअरची नव्हतीच.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. या वेळी शेतकऱ्याचे हेलपाटे हा मुद्दा होता, म्हणून अर्जच काढून टाकला. माहिती बँकांनी भरली. शेतकऱ्यानं यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण करायचं. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी ६८ गावांची लागली. अंगठा तेवढा राहिला, अन् मार्चमध्ये कोरोनानं तोच अडवला.

पद्धत सुधारली, अट मात्र आणखी कडक झाली: दोन लाखांवरचे थकबाकीदार योजनेबाहेरच.

तक्रार करताना म्हणून नुसतं 'साइट चालत नाही' लिहू नये. कोणत्या टप्प्यावर अडलं, स्क्रीनवर काय आलं, तारीख अन् पावती क्रमांक लिहावा; स्क्रीनशॉट जोडावा. नियमामुळं नाव गळालं असेल, तर तो नियम कोणता ते लेखी मागावं.