तळटीप : 'रिसीव्हर्स कोच'

१. रिसीव्हर्स कोच : मूळ शब्द तसाच ठेवला आहे. इथला 'फुटबॉल' म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्यात पाय कमी आणि हात जास्त चालतात. क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारे ते रिसीव्हर. त्यांचा प्रशिक्षक वेगळा. शिकवणी अगदी बारकाव्यांची असते : चेंडू छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे जुळवायचे, कमरेखाली आला तर करंगळ्या. (आपल्याकडच्या क्षेत्ररक्षकांना हे नवे वाटणार नाही.)

या पेशाची चढण ब्रायन हार्टलाइन यांच्या उदाहरणावरून कळते. ओहायो स्टेट विद्यापीठाचे माजी खेळाडू. पुढे मायामी डॉल्फिन्सकडून व्यावसायिक खेळले. 2017 मध्ये ओहायो स्टेटमध्ये परतले ते दुय्यम साहाय्यक म्हणून. 2018 चा हंगाम तोंडावर आला असताना रिसीव्हर्सच्या प्रशिक्षकाला काढून टाकले गेले आणि ती जागा हार्टलाइनांकडे तात्पुरती आली. ती कायमच झाली. 2022 मध्ये व्यावसायिक संघांनी केलेल्या खेळाडूंच्या निवडीत त्यांचे दोन शिष्य, गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे, लागोपाठ दहावे आणि अकरावे उचलले गेले. 2024 मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर चौथा. 2023 मध्ये हार्टलाइन आक्रमणाचे समन्वयक झाले.

अशा प्रशिक्षकाची निम्मी नोकरी मैदानाबाहेर, शाळकरी मुलांच्या घरी, मुलाला आमच्याच विद्यापीठात पाठवा म्हणून आईवडिलांची मनधरणी करण्यात जाते. मूळ लेखकाने हा भाग गाळला आहे, ते खटकते.