निवडणूक प्रचाराचा खर्च आणि कालावधी : सुधारणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ अन्वये उमेदवाराच्या निवडणूक खर्चावर मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा व्यवहारात निष्प्रभ का ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खर्चाची पळवाट : १९७१ च्या लोकसभा निवडणुकीतील दिल्ली सदर मतदारसंघाचा वाद (कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला) सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च हा उमेदवाराचाच खर्च होय, असा निर्णय न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये दिला व चावला यांची निवड रद्द ठरवली. धनबळामुळे सामान्य नागरिकाची समान संधी हिरावली जाऊ नये, ही त्यामागील भूमिका होती. परंतु त्याच महिन्यात वटहुकूम काढून पक्षाचा खर्च हिशेबातून वगळण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही सवलत संकुचित केली. तरी पक्षनेत्यांचा प्रवासखर्च व पक्षाचा सर्वसाधारण प्रचार मर्यादेबाहेरच राहिला.

प्रचाराचा कालावधी : १९९६ च्या दुरुस्तीने उमेदवारी मागे घेण्याची मुदत व मतदान यांतील किमान अंतर २० दिवसांवरून १४ दिवसांवर आणले. मात्र २०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत झाली. परिणामी उमेदवाराचा प्रचार आटोपशीर झाला, तरी पक्षांचा देशव्यापी प्रचार लांबलाच.

निष्कर्ष : २०२२ मध्ये मोठ्या राज्यांतील लोकसभा उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये निश्चित झाली, पक्षांना मात्र कोणतीच मर्यादा नाही. पक्षाच्या खर्चावर बंधन येईपर्यंत उमेदवाराने सादर केलेला हिशेब हा केवळ उपचारच ठरेल.