दोन पाट्यांची कुळकथा

बेळ्ळंदूरच्या तळ्याभोवती आज नोकरीनिमित्त आलेली पुष्कळ तरुण मंडळी राहतात. त्यांत मराठीही आहेत. मन खचले म्हणजे त्यांच्यापुढे दोन पाट्या येतात : मानसोपचारक आणि समुपदेशक. श्रोतेहो, यांची कुळे निराळी आहेत.

पहिलीचे मूळ व्हिएन्नातील रुग्णांपाशी. संभाषणाने व्याधी हटते, हा अनुभव ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली ग्रंथरूपाने मांडला. दुसरीचे मूळ बॉस्टनला. तेथे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारे केंद्र काढले. एकीचा जन्म व्याधीतून, दुसरीचा संभ्रमातून. १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी दोन्ही नावे एकाच ग्रंथाच्या शीर्षकात जोडली, आणि मधली भिंत ठेंगणी झाली.

बंगळुरात १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ साली तिच्यातून निम्हान्स उभे राहिले. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास नोंदणी आवश्यक केली. सामान्य समुपदेशकाच्या पाटीस मात्र पुढे कित्येक वर्षे तसे बंधन नव्हते.

म्हणून पाटी वाचून थांबू नये. शिक्षण कोठे झाले, हे विचारावे. वाट चुकलेल्यास सोबती पुरतो. पण झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच ओसरली, तर उपचार हवा, आणि तोही विनाविलंब.