बंब, पॉवर पॉइंट आणि गच्चीवरची कॉइल

आजचा विषय ऐकून हसू नका: आंघोळीचं गरम पाणी आणि त्याची वेगळी वायर. इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांत एकच बॉयलर खोल्याही गरम करतो आणि नळाचं पाणीही. म्हणून तिथे दोन्हींचे कंट्रोल वेगळे करण्यावर भरपूर डोकेफोड झाली. नांदेड-लातूरला खोली गरम करायचं काम ऊनच करतं, त्यामुळे आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली.

सुरुवात तांब्याच्या बंबापासून. मधोमध नळकांडं, त्यात गोवऱ्या नाहीतर तुराट्या-पळाट्या, भोवती पाणी. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आला असं मानतात. म्हणून आग विझवणारा तोही बंब आणि आग पोटात ठेवणारा तोही बंबच! कंट्रोल एकच: पाणी जास्त तापलं की लाकूड मागे ओढायचं.

विजेचं म्हणाल तर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी वीज मंडळ आलं. १९७१ ला परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आता औष्णिक केंद्र म्हणजे तरी काय? कोळशावर पाणी तापवायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. म्हणजे आपला बंबच, फक्त अवाढव्य. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तो बंबही थंड पडला. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तेव्हा गरम पाण्याचं काय घेऊन बसलात, पाणी मिळालं तरी बास होतं.

बरं, घरातल्या वायरिंगकडे येऊ. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून वायर जायची, ती बल्ब आणि पंख्याच्या हिशोबाने. गोल पिनांचे ५ आणि १५ अँपिअरचे प्लग आपण ब्रिटिशांकडून घेतले, आणि तिथूनच 'लाइट पॉइंट' नि 'पॉवर पॉइंट' हे दोन शब्द वायरमनच्या तोंडी बसले. गणित सोपं आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो. म्हणून त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच. हे लाड नाहीत.

कारण गीझरच्या आधी घरात आला तो बादलीतला रॉड. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, आणि लोक तो खुशाल लाइटच्या प्लगला, एक्स्टेन्शनवरून लावतात. त्यात आपलं बोअरचं पाणी जड. रॉडवर पांढरा थर बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, मग वरची नळी फुटते आणि करंट थेट पाण्यात. अर्थिंग नसेल तर बादलीत हात घालणारा माणूसच अर्थिंग होतो. हात घालून पाणी बघायची सवय बंबाच्या काळातली, ती इथे जिवावर बेतते. आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग हात. आणि ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी बसवाच.

आता गच्चीवर सोलर आलाय. त्याच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. ती रात्रभर चालू राहिली, तर सकाळी ऊन येण्याआधीच टाकी तापलेली असते आणि सोलरला कामच उरत नाही. बिल मात्र येतं. थर्मोस्टॅट फक्त तापमान बघतो, तास बघत नाही. म्हणून कॉइलला स्वतःचा स्विच हवा, शक्यतो टायमरसह, बाथरूमच्या गीझरपासून वेगळा. आमच्याकडे त्या स्विचवर आईने मार्करने लिहून ठेवलंय: 'फक्त पावसाळ्यात.'