चार नॅनोसेकंदांची मुदत

आमच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरची ती माती. पेव उघडलं की आधी आत हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. वात तेवत राहिली तरच माणूस उतरायचा. आजोबांचा कंदील साताऱ्याकडचा, ओगलेवाडीचा 'प्रभाकर'. २००५च्या महापुराने त्या पेवांची दैना केली.

त्याच हळदीची एक करामत मला कोल्हापूरला एम.एस्सी.ला असताना कळली. स्पिरिटमध्ये विरघळवून अतिनील दिव्याखाली धरली की ती हिरवट-पिवळी झळाळते. कर्क्युमिनचा रेणू जांभळा-निळा प्रकाश गिळतो आणि हिरवट प्रकाश परत देतो. डाय लेझर याच जातीच्या गुणावर चालतो. १९६६ साली अमेरिकेत सोरोकिन आणि लँकार्ड यांनी, आणि जर्मनीत शेफर यांनी स्वतंत्रपणे, रंगद्रव्याच्या द्रावणातून लेझर काढून दाखवला. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं ऱ्होडामाइन ६जी या रंगासोबत गेली. अल्कोहोलमध्ये तो केशरी दिसतो आणि हाताला लागला की साबणाने हटत नाही.

हा रंग पेवासारखा साठा करत नाही. हिरव्या लेझरने त्याच्या रेणूला ऊर्जा दिली, की सुमारे चार नॅनोसेकंदांत तो ती टाकून देतो. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम सव्वा मीटर जातो. प्रकाशाचं स्पंद वाढवायचं, तर ते नेमक्या त्याच क्षणी द्रावणातून गेलं पाहिजे. आरसे मागेपुढे सरकवून आम्ही टेबलावरचं अंतर जुळवायचो. हातभर फरक पडला, तरी एक नॅनोसेकंद गेलाच. या जुळणीची गोडी ज्याने चाखली, त्याला यंत्राने आपोआप होणारं काम अळणी लागतं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९८१ साली फोर्क, ग्रीन आणि शँक यांनी शंभर फेम्टोसेकंदांहूनही आखूड स्पंदं काढली. सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तो एक फेम्टोसेकंद. पण अशा एका स्पंदात नॅनोजूलभरही ऊर्जा नसे. पुढच्याच वर्षी तिथेच फोर्क, शँक आणि येन यांनी अशी ७० फेम्टोसेकंदांची स्पंदं गिगावॉटपर्यंत, म्हणजे शंभर कोटी वॉटपर्यंत नेली. एकामागे एक रंगाचे टप्पे लावायचे, दर टप्प्याला किरण रुंद करायचा. अडचण अशी, की ऊर्जा मिळालेला रंग मूळ स्पंद येण्याआधीच आपणहून चमकतो आणि ती ऊर्जा फुकट जाते. म्हणून टप्प्यांच्या मध्ये दुसरा एक रंग ठेवतात. क्षीण प्रकाश तो पिऊन टाकतो, जोरकस स्पंदाला वाट देतो. रंगाने रंगाचा बंदोबस्त करण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते.

मग टायटेनियम-सफायरचा स्फटिक आला. तो ऊर्जा तीन मायक्रोसेकंद धरून ठेवतो, रंगाच्या शेकडो पट. १९८५ साली स्ट्रिकलँड आणि मुरू यांनी स्पंद आधी ताणून, वाढवून, मग पुन्हा आवळण्याची रीत दिली. २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं. ही रीत आणि हा स्फटिक एकत्र आले, आणि अतिलघु स्पंदांच्या कामातून रंग मागे पडला. कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेतले आजचे टेरावॉट लेझरही याच स्फटिकाचे.

तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात मात्र रंग राहिला. तिथल्या एल. जी. नायर यांनी १९८२ साली डाय लेझरवर विस्तृत आढावा लिहिला होता. एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक वेगळे करायचे, तर त्यांच्या रंगरेषांमधला अगदी सूक्ष्म फरक हेरून लेझर तिथेच बसवावा लागतो. तांब्याच्या वाफेचा लेझर ५११ आणि ५७८ नॅनोमीटरचा हिरवा-पिवळा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा फेकतो. तो रंगाच्या वाहत्या द्रावणावर सोडायचा, आधी बारीक, नेमका किरण तयार करायचा, मग पुढच्या द्रावणांतून त्याला वाढवत न्यायचं. इथली स्पंदं नॅनोसेकंदांच्या घरातली, त्यामुळे घाई तितकी नाही. पण हवी ती रेषा अचूक पकडण्यात रंगाचा हातखंडा, आणि तुर्भ्याला तेच हवं होतं.